धागा: लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्या कुणाला आठवतात?

चिंचपोकळीकर

थेट मुद्द्यावर येतो. साधारण १९८५ ते ९५ या काळात लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, भायखळा या पट्ट्यात ज्या बेंजो पार्ट्या (मिरवणुकीत, हळदीला बेंजो-ढोल-ताशा वाजवणारे पोरांचे गट) होत्या, त्यांच्याबद्दल ज्याला जे आठवतं ते त्याने इथे लिहावं, म्हणून हा धागा काढतोय.

मंडळांचा इतिहास मिळतो. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. मूर्ती कुणी घडवली, कुठल्या वर्षी देखावा कसला होता, तेही कुठल्या ना कुठल्या अहवालात छापलेलं असतं. पण मूर्तीच्या पुढे वाजवत वाजवत गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जाणारी ती दहा-बारा पोरं कोण होती? त्यांची कॅसेट निघाली नाही, पेपरात फोटो आला नाही. नाव असायचं ते ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, ऑइलपेंटने लिहिलेलं. पान फाटलं की नावही गेलं.

माझा एक खास प्रश्नही आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. एक पार्टी होती, निळे शर्ट, पांढऱ्या पँटी. ती इस्पितळाच्या फाटकासमोर आली की एकदम थांबायची. बेंजो बंद, ढोल बंद. फक्त एकजण ताशाच्या कडेवर काड्या वाजवत राहायचा, टिक-टिक, टिक-टिक, आणि सगळी मिरवणूक त्या आवाजावर पावलं टाकत पुढे सरकायची. थोडं पुढे गेलं की बेंजोची एक लांब ओळ आणि धाडकन सगळं सुरू. अंगावर काटा यायचा. ती पार्टी कोणती, कुणाला सांगता येईल?

एक विनंती: वादकांची घरची नावं आणि पत्ते इथे उघड लिहू नका. बरेचजण आज आपापल्या संसारात आहेत, काही गेले. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वहीत उतरवून ठेवतोय.

शिवडी_नाका

दादा, काय विषय काढलात! ते काड्यांवर चालणं आमच्या गल्लीतली पार्टी करायची. शर्ट मात्र पिवळे होते.

गॅलरीतून

आमच्याही! आणि शर्ट लाल. :)

वसईचा_पोर

बेंजो म्हणजे तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला ना? आमच्याकडे वसईला लग्नात ब्रास बँड. बेंजो मी पहिल्यांदा भायखळ्याला मामाकडे पाहिला. मला वाटलं होतं, अमेरिकन काउबॉय वाजवतात तसला गोल बेंजो असेल. बघतो तर पेटीसारखी लांबट चीज, गळ्यात पट्टा घालून पोटावर आडवी धरलेली!

तिसरी_पट्टी

वसईकर, तोच. त्याचं पुस्तकी नाव बुलबुल तरंग. पण लालबागात कुणाला बुलबुल तरंग म्हणाल तर तो तुमच्याकडे बघत राहील. बेंजोच.

मी सहा वर्षं वाजवला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर बसते आणि तेवढीच तार वाजते. म्हणजे सूर शोधावा लागत नाही, तो बटणावर तयार असतो. त्यामुळे चार महिन्यांत पोरगा गाणं वाजवायला लागतो. पण मींड नाही, गमक नाही, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं नाही, सूर हलवणं नाही. गाण्यात जीव आणायचा तर तो उजव्या हाताने. तार किती जोरात छेडायची, एका सुरावर किती झरझर घोळायचं, सगळी करामत तिथे. आमचे मास्तर म्हणायचे, डावा हात कारकून आहे, उजवा कलाकार.

मूळ वाद्याचा आवाज अगदी बारीक, खोलीपुरता. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, तो ॲम्प्लिफायरला जोडला, ॲम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर, बॅटरी हातगाडीवर आणि हातगाडीच्या बांबूंना दोन भोंगे. भोंग्यातून येणारा तो किंचित फाटलेला, चिरका, धारदार आवाज हाच बेंजोचा आवाज. चांगल्या स्पीकरवर ऐकाल तर मजा येणार नाही.

नागोयाकर

मी गेली अकरा वर्षं जपानात आहे, मूळचा करी रोडचा. इथे आल्यावर एका सार्वजनिक सभागृहात सत्तरीच्या पंधरा-वीस बायका ओळीने बसून बेंजो वाजवताना पाहिल्या आणि जागेवरच खिळलो. वाद्याचं नाव ताइशोगोतो. १९१२ साली इथेच, नागोयात, मोरिता गोरो नावाच्या माणसाने ते बनवलं. ताइशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली, म्हणून ते नाव. टाइपरायटरची बटणं बघूनच ही कल्पना सुचली असं सांगतात, म्हणजे वसईच्या भावाची उपमा अचूक आहे. पुढे हे वाद्य आपल्याकडे पोचलं, त्याचं बुलबुल तरंग झालं आणि लालबागात येऊन बेंजो.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या आजींना फोनवर विसर्जनाचा एक व्हिडिओ दाखवला. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे लोक उभ्याने, चालत, पावसात वाजवतात? मी म्हटलं, हो, दहा-दहा तास. त्यांनी आपल्या वाद्यावरून हात फिरवला आणि हसल्या.

चिंचपोकळीकर

नागोयाकर, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

रंगभवन८९

विषय चांगला आहे, पण एक मतभेद नोंदवतो. मुंबईतले कॅसेट न निघालेले बँड म्हटलं की मला रंगभवन आठवतं. धोबी तलावाचं उघडं नाट्यगृह, दगडी पायऱ्या. १९७८ चा जॅझ यात्रा महोत्सव तिथे झाला, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. १९८६ पासून तिथे इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. कॉलेजातले किती बँड दोन-तीन वर्षं वाजवून विरून गेले! रॉक मशीनसारख्याची १९८८ मध्ये रेकॉर्ड निघाली, पुढे ते इंडस क्रीड झाले. बाकीच्यांचं काहीच उरलं नाही. स्वतःची गाणी लिहिणारी, घासून सराव करणारी मुलं होती ती. बेंजो पार्ट्यांबद्दल आदर आहे, पण त्या सिनेमाची गाणी वाजवायच्या. त्याला बँड म्हणायचं का?

शिवडी_नाका

का नाही म्हणायचं? दहा माणसं, सराव, ठरलेला पोशाख, नाव, सुपारी. अजून काय लागतं बँडला?

तिसरी_पट्टी

रंगभवनसाहेब, रंगभवनात मीही गेलोय, बाहेरच्या झाडावर चढून ऐकलंय. तिथेही बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे, आणि आपलं स्वतःचं गाणं लावलं की खालून ओरडा व्हायचा. रॉक मशीनने आपलीच गाणी वाजवायची असं ठरवलं म्हणून तर त्यांचं कौतुक झालं.

आता आमच्याकडचं सांगतो. सिनेमाचं गाणं आम्ही घ्यायचो ते चालीपुरतं. तालाचं सगळं आमचं. मूळ गाणं संथ असेल तर ते कोळी ठेक्यावर बसवायचं. मधल्या म्युझिकच्या जागी जाखडीचा, म्हणजे कोकणातल्या बाल्या नाचाचा, तुकडा घालायचा, कारण ढोलकीवाला गुहागरचा, त्याने लहानपणापासून बाल्या नाच पाहिलेला. ताशेवाल्याचं घराणं कोल्हापूरकडचं, तो हलगीचे बोल ताशावर काढायचा. दोन गाण्यांमधला जो तोडा असायचा, तो कुठल्याच सिनेमात नव्हता. प्रत्येक पार्टीचा तोडा वेगळा. गल्लीच्या टोकाला तोडा ऐकला की कोण येतंय ते डोळे मिटून कळायचं. तो तोडा म्हणजे आमचं स्वतःचं गाणंच होतं.

रंगभवन८९

हे तोड्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. त्या तोड्यांचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का?

गॅलरीतून

रंगभवन आणि लालबाग यांत अंतर किती, पाच किलोमीटर? तरी आमच्या चाळीतल्या कुणालाच रंगभवन ठाऊक नव्हतं. आणि रंगभवनातल्यांना आम्ही.

माझी आठवण वेगळी आहे. मी मुलगी. तालमीच्या खोलीत मुलींना यायची बंदी नव्हती, पण कुणी या असंही म्हणायचं नाही. आमची चाळ म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी, मधे चौक. आषाढ संपला की रात्री साडेनवानंतर तळमजल्याच्या व्यायामशाळेत तालीम सुरू. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि कठड्यावर बोटांनी ठेका धरायची. दोन वर्षांत मला त्यांची सगळी गाणी पाठ झाली होती, कुठे कोण चुकतो तेही.

एकदा ताशेवाला तापाने आजारी पडला. तालीम अडली. मी वरून ओरडून सांगितलं, चौथ्या आवर्तनाला तोडा आहे, तुम्ही तिसऱ्यालाच घेताय! सगळ्यांनी माना वर केल्या. मास्तर म्हणाले, पोरी, खाली ये. मी गेले. काड्या हातात दिल्या. अर्धा तास वाजवला मी. मग आई खाली आली.

मिरवणुकीत मला कधीच वाजवता आलं नाही. आज माझी मुलगी ढोल पथकात आहे, कमरेला ढोल बांधून चार तास वाजवते. मी तिच्याबरोबर पाण्याची बाटली घेऊन चालते, आणि दर मिरवणुकीत मला त्या अर्ध्या तासाची आठवण येते.

वसईचा_पोर

ताई, काय लिहिलंत.

काळाचौकी_जुना

वय वर्षे एकाहत्तर. गिरणीत सतरा वर्षं काढली, म्हणून थोडं आधीचं सांगतो.

बेंजोच्या आधी आमच्या भागात संगीत नव्हतं असं समजू नका. दर चाळीत भजनी मंडळ होतं. सवाल-जवाबाची गाणी म्हणणारे शक्तीवाले-तुरेवाले होते. लाल बावटा कलापथक १९४४ चं, शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर. माझ्या वडिलांनी त्यांना मैदानात ऐकलं होतं. आकाशवाणीवर कामगार सभा लागायची. पाळी संपवून आलेला माणूस आंघोळ करून हातात टाळ घ्यायचा, इतकं ते साधं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिले दोन महिने उत्साह होता. मग भांडी विकली गेली, बायका घरकामाला लागल्या, अनेकजण गावी गेले ते परतलेच नाहीत. बापाच्या जागी मुलगा लागायचा ही गिरणीची रीत, तीच तुटली. अठरा-वीस वर्षांची पोरं नाक्यावर उभी. काही वाईट मार्गाला गेली, ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्याच नाक्यावरच्या काही पोरांनी वर्गणी काढून बेंजो घेतला, त्याच्यावर कुणी लिहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ त्यातलाच. १९८४ साली आठजणांनी मिळून पार्टी काढली. ढोल भजनी मंडळाकडून उसना. हळदीला वाजवलं की रात्रीचे माणशी वीस रुपये आणि जेवण. विसर्जनाला पन्नास. त्या वीस रुपयांतले पंधरा तो आईच्या हातावर ठेवायचा. घरात आणलेले पैसे म्हणजे काय, हे संपानंतर आमच्या घराने त्या बेंजोमुळे पुन्हा पाहिलं.

चिंचपोकळीकर

काका, हे मला माहीतच नव्हतं. मी लहान होतो, मला फक्त निळे शर्ट दिसले. तुमच्या भावाशी बोलता येईल का?

काळाचौकी_जुना

तो २०११ साली गेला. त्याचा बेंजो माझ्याकडे आहे. तारा गंजल्यात, पण बटणं सगळी शाबूत.

आगरी_कट्टा

आमच्या उरण-पनवेलकडे हळदीला बेंजो अजून जिवंत आहे बरं का. फक्त तारांचा गेला, कीबोर्ड आला. तरी म्हणायचं बेंजोच. "बेंजो कोणाचा सांगितलायस?" असंच विचारतात.

तिसरी_पट्टी

बरोबर. कॅसिओ आला तेव्हाच तारांचा बेंजो मागे पडायला लागला. पावसात सूर उतरत नाही, एका माणसात सनई, बासरी, व्हायोलिन सगळं. मग ऑक्टोपॅड आला. आठ रबरी चौकोन, त्यात तबलाही वाजतो आणि काच फुटल्याचा आवाजही. आमच्या पार्टीने ९३ मध्ये जुना ऑक्टोपॅड घेतला तेव्हा चार ताशेवाल्यांतले दोन घरी बसले. त्यांना नको म्हणायला मीच गेलो होतो. त्यातला एक माझ्या वर्गातला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही बोललो नाही.

शांत_परळ

सगळे भारावून लिहितायत, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. राग मानू नका.

आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. १९९४ साली आईची शस्त्रक्रिया झाली होती, तिला त्या आठवड्यात घरी आणलेलं. विसर्जनाच्या रात्री खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आम्ही उशा लावल्या, कानात कापूस घातला. ती रडत होती आणि मी काही करू शकत नव्हतो. खाली जाऊन हात जोडले, कुणाला ऐकूच गेलं नाही. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर बंदी, इस्पितळं आणि शाळांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

शिवडी_नाका

पण एक दिवस तरी चालवून घ्यावं ना. वर्षातून एकदा.

शांत_परळ

एक दिवस नसतो हो. आगमन, पहिला दिवस, दीड, पाच, सात, अकरा, मग नवरात्र, मग लग्नं. आजारी माणसाला कॅलेंडर नसतं.

गॅलरीतून

शांत_परळ, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही इथे हे लिहिलंत ते बरं केलंत. बेंजोवर प्रेम आहे म्हणून तो आवाज सोसणाऱ्यांचं दुःख खोटं ठरत नाही.

रंगभवन८९

त्याच नियमांनी आमचं रंगभवनही गेलं. शेजारी इस्पितळं, कॉलेज, म्हणजे शांतता क्षेत्र. इंडिपेन्डन्स रॉक उपनगरात हलला. पायऱ्या अजून आहेत. गाडीतून जाताना दरवेळी मान वळते. म्हणजे पाच किलोमीटरवरच्या दोन दुनिया, एकमेकींना न ओळखणाऱ्या, एकाच कायद्याखाली आल्या.

वसईचा_पोर

थोडं विषयांतर. आमच्या वसईच्या ब्रास बँडवाल्यांचीही हीच कथा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला जातात, ईस्ट इंडियन लोक त्याला उंबराचं पाणी म्हणतात, तेव्हा बँड पुढे. आजोबा सांगायचे, मुंबईत धोबी तलावाला गोव्याच्या वादकांच्या कूडी होत्या, कूड म्हणजे गाववाल्यांची एकत्र राहायची खोली. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आल्फ्रेड हॉटेलात हे वादक चहा घेत बसायचे आणि लग्नाची सुपारी तिथेच मिळायची. त्यांच्यातलेच कितीतरी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवायचे. पडद्यावर नाव नाही. चिक चॉकलेटसारख्या एखाद्याचं नाव राहिलं, तेही ताजमध्ये वाजवलं म्हणून.

आगरी_कट्टा

कोळीगीतांत वेसावकर मंडळींच्या कॅसेटी निघाल्या, घराघरात वाजल्या. पण त्या कॅसेटी गल्लोगल्ली पोचवल्या कुणी? हळदीच्या बेंजोवाल्यांनी. कॅसेट बाजारात आली की आठवड्यात गाणं बसलेलं असायचं.

तिसरी_पट्टी

आम्हीही एकदा कॅसेटचा प्रयत्न केला होता. १९९१. पैसे जमवले, एका कॅसेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, ह्यात गायक कुठाय? गायक नाही म्हटल्यावर त्याने यंत्र बंद केलं. जिना उतरताना कुणी बोललं नाही. खाली येऊन आम्ही वडापाव खाल्ला आणि चालत लालबागला आलो.

चिंचपोकळीकर

मंडळी, व्यनिंमधून आतापर्यंत चौदा पार्ट्यांची नोंद झाली. नावं बहुतेक देवाची, नाहीतर गल्लीची. चारजणांनी जुने फोटो पाठवलेत. एका फोटोत ढोलाच्या पानावर नाव आहे, पण नेमका वाजवणाऱ्याचा हात अर्ध्या नावावर आलाय.

काड्यांवर चालणाऱ्या पार्टीचा दावा मात्र आता सातजणांनी केलाय. शर्ट निळे, पिवळे, लाल, आणि एकाने सांगितलं चौकटीचे.

डोंबिवली_फास्ट_ताशा

धागा आज पाहिला. मुलाने पाठवला. मला टाइप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी १९८६ ते ९७ ताशा वाजवला. आमचे शर्ट निळे होते, पँटी पांढऱ्या. पण ते काड्यांचं सगळ्याच पार्ट्या करायच्या, म्हणून कुणीच खोटं बोलत नाहीये. त्याचं कारण सांगतो.

विसर्जन भर पावसाळ्यात. पाणी लागलं, हवा दमट झाली की बेंजोच्या तारा उतरतात. एक पोरगा फक्त बेंजोवर छत्री धरायला ठेवलेला असायचा, स्वतः भिजायचा. तरी तासा-दीड तासाने सूर जायचा. सूर लावायचा तर शांतता पाहिजे, भोंग्याजवळ उभं राहून ढोल चालू असताना तार ऐकूच येत नाही. आणि थांबायची तर सोय नाही, मागे ट्रक, ट्रकमागे दुसरं मंडळ. म्हणून मास्तर हात वर करायचे. सगळे बंद. मी एकटा कडेवर काड्या धरायचो म्हणजे नाचणाऱ्यांची पावलं तुटू नयेत. तेवढ्यात मास्तर कान वाद्याला लावून खुंट्या पिळून घ्यायचे. ढोलकी-हलगीवाले कागद पेटवून पान शेकायचे. सूर लागला की एक लांब ओळ वाजवून बघायचे. तीच तुमची अंगावर काटा आणणारी ओळ. ती आमची तपासणी होती.

चिंचपोकळीकर

काका, हात थरथरतायत लिहिताना. मग इस्पितळासमोरच का?

डोंबिवली_फास्ट_ताशा

कुठेतरी थांबायचंच होतं. मास्तर म्हणायचे, मग तिथेच थांबू, आतल्या माणसाला तेवढाच आराम. काही वेळा सूर चांगला लागलेला असायचा तरी ते तिथे हात वर करायचे. त्यांची आई त्याच इस्पितळात गेली होती.

शांत_परळ यांचं वाचलं. साहेब, ९४ साली तुमच्या खिडकीखालून आम्हीही गेलो असणार. रस्ता तोच. आम्हाला माहीत असतं तर तिथेही काड्यांवर गेलो असतो. माफी असावी.

शांत_परळ

काका, तुम्ही माफी मागू नका. आई त्यातून बरी झाली होती, पुढे बारा वर्षं होती. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

तिसरी_पट्टी

डोंबिवलीकर काका, निळे शर्ट, म्हणजे पोद्दार गल्लीकडून वर यायचात ते तुम्हीच का? तोडा चार आवर्तनांनंतर, शेवटी तीन थापा आणि एक रिकामी जागा?

डोंबिवली_फास्ट_ताशा

रिकाम्या जागेवर खुळखुळा. हो.

गॅलरीतून

तो तोडा! चौथ्या आवर्तनाला! काका, तुमचे मास्तर आणि आमच्या चाळीतले मास्तर एकच होते की काय? तुम्ही कधी तापाने आजारी पडला होतात का, ८८-८९ च्या सुमारास?

डोंबिवली_फास्ट_ताशा

कावीळ झाली होती. ८९. मास्तर सांगायचे, तू नव्हतास तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीने तालीम तारली. मला वाटायचं मला चिडवायला सांगतात.

गॅलरीतून

मी इथे ऑफिसात बसून रडतेय.

काळाचौकी_जुना

माझ्या भावाच्या बेंजोला नव्या तारा घालून देणारं कुणी आहे का? तिसरी पट्टी, तुम्हाला जमेल?

तिसरी_पट्टी

जमेल काका. तारा दादरला मिळतात, मी घेऊन येतो. आधी बटणांखालच्या पट्ट्या साफ कराव्या लागतील, त्याला अर्धा दिवस धरा.

चिंचपोकळीकर

मग येत्या रविवारी भेटू या का? आमच्या मंडळाची खोली सकाळी रिकामी असते. वही आणतो, रेकॉर्डिंगची सोय करतो. डोंबिवलीकर काकांनी तोडा वाजवून दाखवला तर तो प्रथमच कुठेतरी नोंदवला जाईल.

रंगभवन८९

माझ्याकडे चांगले मायक्रोफोन आहेत. भोंगा मिळाला तर भोंग्यासमोर लावू, तिसरी पट्टी म्हणाले तसा फाटका आवाजच पाहिजे.

आगरी_कट्टा

भोंगा मी आणतो. जेवणही माझ्याकडून.

डोंबिवली_फास्ट_ताशा

साडेआठच्या गाडीने निघतो. ताशा विकला मी, पण काड्या ठेवल्यात.

गॅलरीतून

ताशा मी आणते, मुलीच्या पथकातला. काका, एक आवर्तन मला द्याल ना?

डोंबिवली_फास्ट_ताशा

चौथं तुझं.